डोक्यावरचं ऊन : सातारा जिल्ह्यातले चार दिवस

पहिला दिवस, ८ मे. सातारा

एसटी खंबाटकी घाट चढत होती तेव्हा दुपारचा एक वाजला होता. खिडकीच्या गजाला हात लागला की चटका बसायचा. पुढच्या सीटवरच्या बाईंनी पाण्याच्या बाटलीनं पंचा भिजवून खिडकीला अडकवला आणि मागच्या दोन-तीन रांगांना जरा जिवात जीव आला.

मी माहेरी निघाले होते ती कामासाठी. मंगळवार पेठेतला आमचा वाडा आता अर्धाच उरलाय. समोरचा सोपा, माजघर, वरची माडी आणि माळा एवढंच जुनं. मागची बाजू वीस वर्षांपूर्वी पाडून तिथं आरसीसीच्या दोन खोल्या काढल्या. आता उरलेलंही उतरवून नवं घर बांधायचं दादानं ठरवलंय. नकाशा मला फोनवर आला. वर सपाट स्लॅब, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, प्रत्येक खोलीत एसी. तो बघितला आणि मी मामांना फोन केला. मामांची पस्तीस वर्षं बांधकामाच्या सरकारी नोकरीत गेली, जिल्ह्यातला बहुतेक प्रत्येक तालुका त्यांनी पायाखाली घातलाय. ते म्हणाले, "फोनवर भांडू नकोस. मेमध्ये ये. भर उन्हात चार घरं बघू, मग दादाशी बोल."

पोवई नाक्यावर उतरले तर राजपथ निम्मा झोपलेला. दुकानांची शटरं अर्धी खाली, आतून पंख्याचा आवाज, रसवंतीच्या बाकड्यावर तेवढी माणसं. साताऱ्यात मे महिन्यात दुपारी एक ते चार कुणी कुणाकडे जात नाही. भाजी सकाळी नवाच्या आत, बँकेचं काम अकराच्या आत, आणि उरलेलं सगळं जग संध्याकाळी सहानंतर. पुण्यात राहून मी हे विसरले होते. तिथं आता दुपारी तीनलाही माणसं ऑफिसच्या गारठ्यातून मॉलच्या गारठ्यात जातात, आणि मधल्या पन्नास पावलांचं ऊन तेवढं शिव्या खातं.

घरी आले. दिंडीतून वाकून आत शिरलं की ओसरीत आधी डोळ्यांपुढे अंधार येतो, मग अंगावरचा घाम आटू लागतो. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी घेतलेला साधा तापमापक मी सोबत आणला होता. दारात ३८ दाखवत होता. माजघरात अर्धा तास ठेवल्यावर ३०. मागच्या स्लॅबच्या खोलीत ३४, आणि तेव्हा दुपारचे जेमतेम तीन वाजले होते.

मामांनी खुर्ची सोप्यात ओढली आणि पहिल्यांदा बोलले ते आकाशाबद्दल. सातारा विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेअठरा अंशांच्या आत-बाहेर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथं माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो, आणि पुढे जुलैअखेरपर्यंत तो डोक्याच्याही किंचित उत्तरेकडेच असतो. "म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला जवळजवळ ऊन लागतच नाही," मामा म्हणाले. "सकाळी पूर्वेची भिंत तापते, दुपारनंतर पश्चिमेची. पण दिवसभर सगळ्यात जास्त मार खातं ते छप्पर. आपल्याकडच्या घराचा उन्हाळा छपरावर ठरतो. नकाशात आधी छप्पर बघायचं, मग बाकीचं."

हे वाक्य पुढचे चार दिवस माझ्याबरोबर राहिलं.

संध्याकाळी राजवाड्यापाशी गेलो. शाहू महाराजांनी १७०८ मध्ये इथं राज्याभिषेक करून घेतला आणि अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी पेठा वसत गेल्या. जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळातला, १८२४ च्या सुमाराचा. त्याच्यासमोरच्या गांधी मैदानावर, म्हणजे सातारकरांच्या चौपाटीवर, पाय ठेवायला जागा नव्हती. दिवसभर घरात दडलेलं गाव एकदम बाहेर आलेलं. पोरं आईस्क्रीम खात होती, म्हातारे कट्ट्यावर बसून वारा खात होते. परत येताना कंदी पेढे घेतले. हा पेढा खवा तांबूस होईपर्यंत भाजून करतात. पाण्याचा अंश आटतो, म्हणून तो उन्हाळ्यातल्या प्रवासातही टिकतो. खाण्यातसुद्धा इथल्या माणसांनी उन्हाचा हिशेब ठेवला होता.

रात्री मुद्दाम मागच्या खोलीत झोपले. साडेअकराला स्टुलावर चढून स्लॅबला तळहात लावला. तापलेल्या तव्याखालची चूल विझावी आणि तवा मात्र गरमच राहावा, तसं ते छत होतं. पाच इंची काँक्रीटमधून दुपारचं ऊन आत पोचायला चारेक तास घेतं, म्हणजे माणूस दमून घरी येतो त्याच सुमाराला ते खोलीत उतरायला लागतं. पंखा तीच हवा खाली ढकलत होता. खिडकी उघडली तर बोळातून गरम झोत आला. समोरच्या इमारतीच्या चार एसींची तोंडं आमच्या बोळाकडे आहेत. एसी उष्णता संपवत नाही, ती आतून उचलून बाहेर टाकतो, वर स्वतःच्या यंत्राची उष्णताही तिच्यात मिसळतो. आठ फुटांच्या बोळात ती जाणार कुठं? ज्यांच्याकडे एसी नाही त्यांच्या खिडकीत.

बारा वाजता उशी घेऊन सोप्यात गेले. दोन फुटी मातीची भिंत ऊन आत पोचवायला निदान दहा-बारा तास लावते. तोवर पहाट होते आणि बाहेरच गार झालेलं असतं.

दुसरा दिवस, ९ मे. लिंब, मेणवली आणि वरचा डोंगर

पहाटे सहाला आई गच्चीवर कुरडया घालत होती. आम्ही निघताना निरोप घ्यायला गेलो तर ओरडली, "लांबूनच बोला, वाळवणावर सावली पाडू नका."

मामांच्या गाडीनं महामार्गावरून पुण्याच्या दिशेला, नागेवाडी फाट्यावरून आत लिंब. तिथल्या शेतांमध्ये बारामोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. खोली ११० फूट, व्यास ५० फूट, आकार अष्टकोनी. भोवतालच्या आमराईला पाणी द्यायला ती बांधली. नाव बारा मोटांचं असलं तरी मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत.

आपल्याकडे विहिरी पुष्कळ आहेत, पण ही खाली उतरायची जागा आहे. रुंद पायऱ्या, भुयारासारखा दरवाजा, आणि मुख्य विहिरीच्या पोटात चक्क एक महाल. कोरीव खांब, सज्जे, बसायला ओटे. इथं राजांची खलबतं होत असत असं सांगतात. अकरा वाजले होते. वरच्या बांधावर डोळे उघडवत नव्हते, आणि महालात उतरल्यावर मी नकळत पदर अंगाभोवती घेतला. तापमापक वर ३७ होता, महालात वीस मिनिटांनी २७ वर आला.

मामा दगडाला पाठ टेकून बसले. "यात जादू काही नाही. पंधरा-वीस फुटांखाली जमिनीला ऋतू फारसे कळत नाहीत. तिथलं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, पंचवीस-सव्वीसच्या आसपास. त्यात पाणी आहे, सावली आहे. आणि गार हवा जड असते. रात्री ती विहिरीत उतरते. दिवसा वरची हवा हलकी, ती खाली येऊन हिला हुसकू शकत नाही."

मी वर बघितलं. आभाळाचा एक तुकडा, कडेला पिंपळाची रोपटी. उन्हाचा पट्टा अर्ध्या भिंतीवरच थांबला होता. तीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं आमराईसाठी पाणी काढलं आणि त्याच दगडात बसायला गारवाही बांधून ठेवला. या विहिरीचं आपल्याकडे कौतुक होतं ते कोरीव कामाचं आणि इतिहासाचं, गारव्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मला तोच तिचा मोठा गुण वाटला. शाळेची सहल इथं मेमध्ये आणावी, भर दुपारी, आणि मुलांना नुसतं बसवून ठेवावं.

वाईत जेवण करून मेणवलीला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. नाना फडणवीसांचा जन्म साताऱ्याचा, १७४२ चा. मेणवली त्यांना १७६८ मध्ये इनाम मिळालं आणि त्यांनी कृष्णेकाठी वाडा, घाट, देवळं उभी केली. घाटावर चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक टांगलेली आहे. बहुतेक लोक घंटा बघून, फोटो काढून परततात. आम्ही वाड्यात बसलो, तेही चौकात.

सहा चौकांचा वाडा. एक चौक संपला की देवडी, मग दुसरा. प्रत्येक चौकाभोवती ओसरी, ओसरीच्या आत खोल्या, वर माडी, माडीच्या वर माळा आणि मग कौलं. चौकाचं काम नीट समजायला मला अडीच वाजताची वेळ बरी पडली. चौक उंचीच्या मानानं अरुंद असतो, त्यामुळे ऊन फरशीवर पडतं ते तास-दोन तास. भिंतींवर ओसरीची सावली राहते. रात्री उघड्या आभाळाखाली फरशी गार पडते, गार हवा आत साचते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती खोल्यांना पुरते. मामा म्हणाले, "चौक म्हणजे रात्रीचा गारवा धरायची परात. वाड्याला इतक्या पराती."

आणि छप्पर? आम्ही माळ्याच्या जिन्यापर्यंत गेलो. कौलाखाली हवा तव्यासारखी तापली होती, पण ती माळ्यातच अडलेली. कौलांच्या फटींतून निसटत होती. माळ्याच्या खाली कडीपाटावर मातीचा थर, त्याखाली माडी, त्याखाली माणूस. ऊन आणि माणूस यांच्यामध्ये दोन रिकाम्या मजल्यांची हवा उभी केलेली. कौल पातळ असतं, सूर्य मावळला की तासाभरात गार पडतं. स्लॅबसारखं रात्रभर तापत बसत नाही.

नानांचे मोडी कागद, ज्यांना मेणवली दप्तर म्हणतात, ते याच वाड्यात सांभाळले गेले. कागदाला सगळ्यात जास्त छळतो तो रोजचा हेलकावा, दिवसा तापणं आणि रात्री सर्द होणं. जाड भिंतीच्या आत तो हेलकावा उरत नाही. जे कागदाला मानवतं ते माणसालाही मानवतंच.

चार वाजता आभाळ भरून आलं आणि वाईत वळीव कोसळला. अर्धा तास मातीचा वास, मग उलट गदमदायला लागलं. तसेच पसरणीच्या घाटानं पाचगणीला गेलो. वाई ते पाचगणी चढ साधारण सहाशे मीटरचा, आणि हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबानं चार अंश कमी. तेवढ्यासाठी इंग्रजांनी केवढा पसारा मांडला! १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला वसाहत सुरू केली, तिचं नावच माल्कम पेठ पडलं. पुढे उन्हाळा आला की मुंबईचं सरकारच डोंगरावर चढायचं. वाड्यानं उन्हाळा घरात राहून काढला. इंग्रजांनी घरच उचलून वर नेलं. ज्यांना वर जाता आलं ते गेले, बाकीचे खालीच राहिले. आता पाचगणीतल्या नव्या हॉटेलांच्या भिंतीही काचेच्या आहेत आणि त्यांच्या मागं एसीचे डबे रांगेनं लटकलेत. हवामान खातं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानात ४० अंशांचा उंबरठा धरतं, डोंगरात ३० अंशांचा. डोंगरालाही उन्हाळा असतो, हे त्या हिशेबात मान्य केलेलं आहे.

चहा घेतला आणि उतरलो. मला तिथं थांबावंसं वाटलं नाही.

तिसरा दिवस, १० मे. माणदेश

पहाटे पाचला निघालो. कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, पुसेगाव, दहिवडी. पुसेगाव ओलांडलं की छपरं बदलू लागतात, आणि हा बदल गाडीच्या काचेतूनही दिसतो. पश्चिमेकडे कौलांचा उतार तीव्र असतो, कारण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इकडे माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास, तोही आला तर. दीडशे किलोमीटरच्या आत दहापट फरक. पाणी नाही तर उतार कशाला? इथं पूर्वी घराला माळवद असायचं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. त्याला धाबंही म्हणतात.

म्हसवडच्या अलीकडे एका गावात मामांबरोबर नोकरी केलेले काका राहतात. त्यांच्या जुन्या घराचं माळवद अजून शाबूत आहे आणि त्याखाली त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आई राहतात. काका स्वतः शेजारी बांधलेल्या पत्र्याच्या घरात. आम्ही पोचलो दहाला, आणि बाराला अंगणातली कोंबडीसुद्धा हलेना. तापमापक सावलीत ४१.

पत्र्याच्या घरात ४३. पत्र्याला विलंब नावाची गोष्टच नसते. ऊन पडलं की पाच मिनिटांत त्याची झळ खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर. काकू म्हणाल्या, "बारा ते पाच आम्ही सगळी म्हातारीकडं."

म्हातारीकडे ३१.

आजींनी आम्हाला घोंगडीवर बसवलं. शेणानं सारवलेली जमीन, भिंत दीड हाताहून जाड, दार एवढं ठेंगणं की वाकूनच शिरावं. खिडकी नाहीच. छपरात एक सानं आहे, उजेडाला आणि चुलीच्या धुराला. त्यातून उन्हाची एकच तिरीप जमिनीवर रुपयाएवढी पडली होती. मी विचारलं, "आजी, माळवदात काय काय घातलंय?"

"आता काय सांगायचं बाय," आजी म्हणाल्या. "आधी तुळया. तुळयांवर किलचाचं लाकूड. त्यावर लिंबाचा पाला, पाल्यानं कीड लागत न्हाई. त्यावर चिखूल, मग पांढरी माती चोपायची. मिरगाच्या आधी दरसाल नवी खारी माती टाकायची. न्हाई टाकली तर गळतंय. माझं मालक होतं तवर टाकली. आता वर चढणार कोण?"

या शेवटच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही. माळवद का संपलं याचं उत्तर त्यातच आहे. पांढरी आणायला गावात गाढवं नाहीत, चोपायला हात नाहीत, घरातली तरुण माणसं पुण्या-मुंबईला.

दुसरं उत्तर मामांनी दिलं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. फूट-दीड फूट मातीचं छप्पर म्हणजे डोक्यावर कित्येक टन वजन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा असल्याच जड छपरांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसं झोपेत गाडली गेली. आपल्या जिल्ह्यानंही ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का सोसलाय. "मी तेव्हा कॉलेजात होतो," मामा म्हणाले. "कोयनानगरला मदतीला गेलो होतो. त्यानंतर जुन्या घराचं नुसतं गुणगान मला करता आलं नाही. गारवा पाहिजेच, पण तो माणसाच्या छातीवर पडता कामा नये."

दुपारभर ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. मी इथं आले होते ते जुनं चांगलं, नवं वाईट असं दादाला दाखवायला. ते एवढं सोपं नव्हतं. माळवदातला गुण उचलायचा आणि वजन सोडायचं, असं काही करता येईल का? ऊन अडवणारा थर, आणि त्याखाली सळईनं बांधलेला, हलला तरी न सुटणारा सांगाडा. मामा म्हणाले, येतं. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या फरश्या, हे आपले गवंडी वर्षानुवर्षं करत आलेत. फक्त हल्ली पैसे वाचवायला सगळ्यात आधी तोच खर्च कापला जातो. आणि पत्र्याला? "पत्र्यालाही पांढरा चुना मारला तर फरक पडतो," मामांनी काकांना सांगितलं. अहमदाबादनं २०१० च्या मेमधल्या भीषण लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेला तोंड द्यायचा आराखडा केला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा थर देण्याचं काम हाती घेतलं. पांढरं छप्पर ऊन परत फेकतं. चुना, ब्रश आणि एक सकाळ, एवढंच लागतं. काका म्हणाले, उद्याच आणतो. त्यांनी आणावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण पाच वाजता काकूंना स्वयंपाकाला त्याच पत्र्याखाली जावं लागतं.

संध्याकाळी गाव माळवदांवर, ओट्यांवर, पारावर आलं. मेंढरं परतली, त्यांच्या खुरांची धूळ तांबड्या उजेडात बराच वेळ तरंगत राहिली. जेवण माळवदावरच, बाजरीची भाकरी, ठेचा आणि ताक. नऊला आजींनी घागरीतलं पाणी पांढरीवर शिंपडलं. इकडची हवा कोरडी, शिंपडलेलं पाणी बघता बघता उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. वर ढग नाही, वाफ नाही, तापलेलं छप्पर थेट चांदण्यांकडे ऊब सोडत राहतं. अकराला गार वारा सुटला. दोनला मला घोंगडी ओढावी लागली. दुपारी ४१ आणि रात्री घोंगडी! माझ्या पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर हे उतरणं कधी घडतच नाही.

चौथा दिवस, ११ मे. पुन्हा सातारा

दहा वाजता घरी पोचलो. दादानं मिस्त्रींना बोलावून ठेवलं होतं. नकाशा सोप्यातल्या झोपाळ्यावर पसरला. मी बोलायला लागले आणि दादा माझ्यावर चिडला.

"तू चार दिवस येऊन वाड्याची गोडी लावणार. पावसाळ्यात कौलं कोण चाळणार? माकडं रोज चार कौलं फोडतात. आईला बादल्या लावत रात्र काढावी लागते. तुला माहितीय का?"

खरं होतं. मी गप्प बसले. मिस्त्रीही पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिले.

मामांनी वाड्याचा विषयच काढला नाही. त्यांनी नकाशावर फक्त पश्चिमेच्या काचेवर बोट ठेवलं. "इथं संध्याकाळी चार ते सात सूर्य तोंडावर. जिना आणि न्हाणीघर या बाजूला घे, ऊन तिथंच खपेल, झोपायच्या खोल्यांपर्यंत येणार नाही. काच उत्तरेला घे, वर दोन फुटी छज्जा काढ. छताजवळ झरोके ठेव, गरम हवा तिथूनच निघते. खोलीची उंची नऊ फूट धरलीय, अकरा कर." दादा ऐकत होता. जिन्याची जागा बदलायला त्याची हरकत नव्हती. उंची वाढवली तर विटा वाढतात, त्यावर त्यानं मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री म्हणाले, जुन्या भिंतीचा दगड आणि माडीचं सागवान वापरलं तर थोडं सांभाळता येईल.

अडलं ते छपरावर. कोब्याचा आणि वरच्या पांढऱ्या फरश्यांचा खर्च दादाला जास्त वाटत होता. "त्या पैशात दोन एसी येतात, मामा."

"एसी तुझ्या खोलीत येतील. आईच्या सोप्यात?" मामा म्हणाले. "आणि दिवे गेले की?" मग त्यांनी घड्याळ बघितलं. सव्वाबारा झाले होते. "चल, वर गच्चीवर चल. एक पाण्याचा तांब्या घे."

मागच्या खोल्यांवरची गच्ची. आईनं आदल्या दिवशीच्या कुरडया धोतरावर पसरल्या होत्या, त्या पांढऱ्याफेक वाळून कुरकुरीत झाल्या होत्या. आई कोपऱ्यात पदर डोक्यावर घेऊन पापड उलटत होती. मामांनी तांब्या कठड्यावर ठेवला. त्याची सावली पश्चिमेला बोटभर होती का पेराभर, बघेपर्यंत आखडत गेली. साडेबाराच्या सुमारास ती तांब्याच्या बुडात शिरली. सगळं ऊन सरळ वरून खाली. कठड्याच्या चारही भिंती कोरड्या, निर्धास्त, आणि पायाखालचा स्लॅब एकटा सगळं अंगावर घेत होता.

दादा वाकला आणि स्लॅबवर तळहात ठेवला. लगेच उचलला. पुन्हा ठेवला, आणि या वेळी थोडा वेळ तसाच दाबून धरला. मग हात झटकत उठला आणि मिस्त्रींना विचारलं, "कोबा किती इंची घालावा लागेल?"

"चार तरी घालू," मिस्त्री म्हणाले. "वर पांढऱ्या फरश्या."

आम्ही चौघं नकळत वाळवणाच्या अगदी कडेला आलो होतो. मी चटकन मागं सरकले. आईनं वर बघितलं, आमच्या पायांकडे बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आत्ता कुणाचीच सावली पडत नाही. त्या कडेच्या तेवढ्या उलटून द्या."